नाव, सीमा आणि वाङ्मयेतिहास : 'कानारीं'पासून 'कोंकणी'पर्यंत

१

भाषेचे नाव ही भाषेच्या बाहेरची गोष्ट आहे, अशी वर्णनात्मक भाषाविज्ञानाची सर्वसाधारण भूमिका असते. ध्वनिव्यवस्था, रूपविचार आणि वाक्यरचना यांच्या वर्णनात नावाला स्थान नसते. एखाद्या भाषेला उद्या वेगळे नाव दिले तरी तिच्या व्याकरणात तसूभरही फरक पडणार नाही, हे म्हणणे त्या मर्यादेत खरेच आहे. इतिहासाला मात्र ही अलिप्तता परवडत नाही. भाषेचा किंवा वाङ्मयाचा इतिहास लिहावयास घेतला की 'कशाचा इतिहास?' हा प्रश्न प्रथम उभा राहतो आणि त्याचे उत्तर नावाच्याच द्वारा द्यावे लागते. नाव ठरले की सीमा ठरते, सीमा ठरली की तिच्या आतल्या ग्रंथांची यादी ठरते, आणि यादी ठरली की परंपरा सिद्ध होते. नाव हे अशा रीतीने वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रमेय असते. प्रत्यक्षात ते बहुधा तपासून न पाहिलेले गृहीतक म्हणूनच वावरते.

गोमंतकातील भाषेच्या नावाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. मराठी आणि कोंकणी यांच्या संबंधांविषयी विसाव्या शतकात जो वाद झाला, तो मुख्यतः 'भाषा की बोली?' या स्वरूपात लक्षात राहिला आहे. परंतु या वादाखाली नामकरणाचा एक दीर्घ इतिहास दडलेला आहे. गेल्या चार शतकांत या भाषेला 'कानारीं', 'ब्राह्मण', 'कोंकणी', 'मराठीची बोली' आणि अखेर कायद्याने व्याख्या केलेली 'देवनागरी कोंकणी' अशी नावे मिळाली. प्रत्येक नाव देणारा निराळा होता, त्याचे प्रयोजन निराळे होते, आणि प्रत्येक नावाने काही समाजगटांना आत घेतले तर काहींना उंबरठ्यावर उभे केले.

२

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे जिंकले. तेथील लोकांच्या भाषेला त्यांच्या लेखनात 'कानारीं' हे नाव मिळाले. गोवे हा कानडा प्रदेशाचाच भाग आहे, अशा समजुतीतून हे नाव आले असावे, हे त्याचे सामान्यतः स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण आहे. आज कन्नड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेशी त्याचा व्याकरणदृष्ट्या काही संबंध नव्हता. बाहेरून आलेल्या सत्तेने भूगोलावरून भाषेला नाव द्यावे आणि ते भाषिक वास्तवाला लागू पडू नये, हा वसाहतींच्या इतिहासातील नेहमीचा प्रकार आहे. येथे विशेष एवढाच की हे चुकीचे नाव ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर छापले गेले आणि त्यामुळे त्याला दीर्घ आयुष्य लाभले.

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाचे लेखन या संदर्भात निर्णायक ठरते. त्याचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्याचे 'दौत्रीन क्रिश्तां' हे ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक १६२२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. त्याचे व्याकरण 'आर्ते द लिंग्वा कानारीं' दिओगु रिबैरु याच्या भरीसह १६४० मध्ये छापले गेले. यांपैकी पुराणाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स आपली भाषा मराठी असल्याचे स्पष्ट सांगतो. शुद्ध मराठी मधिम लोकांस कळत नाही म्हणून तीत ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द मिसळले आहेत, असाही खुलासा तो करतो. धर्मतत्त्वांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र भाषेचे नाव 'ब्राह्मण कानारीं' असे आहे, आणि व्याकरणाच्या मुखपृष्ठावर केवळ 'कानारीं'.

एकाच लेखकाच्या तीन ग्रंथांत तीन नावे येतात, याचा अर्थ गोंधळ असा लावणे सोपे आहे. परंतु ते बरोबर होणार नाही. या नामभेदामागे एक व्यवस्था आहे. पुराण हा ओवीबद्ध काव्यप्रकार आहे, आणि त्याची परंपरा ज्ञानदेव-एकनाथांच्या भाषेतली आहे. नवख्रिस्ती समाजाच्या हातून हिंदू पुराणे काढून घेतल्यानंतर त्यांची जागा भरून काढावयाची, तर त्याच काव्यभाषेचा अवलंब करणे स्टीफन्सला भाग होते. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे मात्र तोंडी शिकवावयाची होती. तेथे बोलली जाणारी भाषा हवी होती. वाङ्मयप्रकार बदलला तशी भाषा बदलली आणि भाषा बदलली तसे नाव बदलले. सतराव्या शतकातील गोमंतकात ही दोन प्रयोजने एकमेकांच्या शेजारी नांदत होती. त्यांच्यात भांडण आहे, असे स्टीफन्सच्या लेखनात कोठेही सूचित होत नाही.

'ब्राह्मण' या विशेषणाचाही विचार करावयास हवा. एत्यँ द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरवरील पुराण १६२९ ते १६३४ या काळात प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावरील भाषानाम 'ब्राह्मण मराठी' असे आहे. म्हणजे 'ब्राह्मण' हे शेजारच्या दोन्ही भाषानामांना लागणारे विशेषण होते, कोणत्याही एका भाषेचे नाव नव्हते. ज्या वर्गाचे उच्चारण आणि शब्दकळा मिशनऱ्यांना अनुकरणीय वाटली, त्या वर्गाचा तो निर्देश होता. धर्मप्रसार सर्व जातींत करावयाचा, पण त्यासाठी घडवावयाचे भाषेचे रूप उच्चवर्णीयांचे ठेवावयाचे, ही दृष्टी या एका विशेषणात साठलेली आहे. गोमंतकातील भाषावादाला पुढे जो जातीय पदर लाभला, त्याचे बीज सतराव्या शतकातील मुखपृष्ठांवर असे दिसते.

यानंतर नामकरणाचा प्रश्न काही काळ मागे पडला, कारण भाषेच्या अस्तित्वावरच घाला आला. व्हिसेरेई कोंदी द आल्व्होर याने २७ जून १६८४ रोजी काढलेल्या हुकुमान्वये स्थानिकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास शिकावे, असे फर्मावण्यात आले. हुकूम यशस्वी झाला नाही हे उघड आहे. पण लिखित व्यवहारातून ही भाषा हळूहळू हद्दपार झाली आणि जिला ग्रंथ नाहीत तिला नावाचीही गरज उरली नाही. घरात बोलणारे तिला 'आमची भास' म्हणत. सारस्वत कुटुंबांत 'आमचिगेलें' असाही निर्देश होई. जी भाषा सर्वस्वी आपली आहे तिला बोलणारे नाव देत नाहीत. नाव लागते ते दुसऱ्याला दाखवण्यासाठी, किंवा दुसऱ्यापासून वेगळे दाखवण्यासाठी.

३

हे वेगळेपण दाखवण्याचा पहिला ठळक प्रसंग १८५७ मध्ये आला. गोव्याच्या पोर्तुगीज शासनाचे मुख्य सचिव जुआकीं हेलिओदोरु द कुन्य रिव्हार यांनी स्टीफन्सचे व्याकरण नवे गोवे येथे पुन्हा छापले, आणि छापताना त्याचे शीर्षक बदलले. १६४० मध्ये जे 'कानारीं'चे व्याकरण होते, ते आता 'कोंकणी'चे व्याकरण झाले. पाठोपाठ १८५८ मध्ये त्यांनी कोंकणी भाषेविषयीचा ऐतिहासिक निबंध प्रसिद्ध केला. १६८४ चा हुकूम आणि तत्सम कागदपत्रे उजेडात आणून त्यांनी या भाषेच्या दडपणुकीचा वृत्तांत मांडला आणि तिच्या शिक्षणाचा आग्रह धरला.

शीर्षकातील हा बदल संपादकीय वाटला, तरी त्याचा परिणाम दूरगामी होता. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथ नव्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्यामुळे त्या नावाला दोनशे वर्षांचा पूर्वेतिहास प्राप्त झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव झपाट्याने स्थिर झाले. डॉ. जुझे जेर्सन द कुन्य यांनी १८८१ मध्ये मुंबईत कोंकणी भाषा आणि वाङ्मयावरील इंग्रजी पुस्तिका काढली. मंगळुरात अँजेलो माफेई यांनी १८८२ मध्ये कोंकणी व्याकरण आणि १८८३ मध्ये इंग्रजी-कोंकणी कोश छापला. एदुआर्दु जुझे ब्रुनु द सोझ यांनी १८८९ मध्ये पुण्याहून 'उदेंतेचें साळक' हे नियतकालिक सुरू केले. मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दाल्गादु यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश १८९३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. या साऱ्या घडामोडी मुंबई, पुणे, मंगळूर येथे झाल्या, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. पोटासाठी देशांतर केलेल्या गोमंतकीयांना परमुलखात आपली भाषा 'आमची' म्हणून सांगता येत नव्हती. तेथे तिला नाव असणे आवश्यक होते.

पण हे नावही निर्वेध नव्हते. 'कोंकण' हा शब्द गोमंतकापुरता नाही. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे येथील लोकही कोकणीच, आणि त्यांची बोलीही लोकव्यवहारात 'कोकणी'च. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्टेन कोनो यांना ही अडचण स्पष्ट जाणवली होती. त्यांनी उत्तर कोकणातील बोलींचा गट निराळा काढून त्याला कोकणातील प्रमाण मराठी मानले आणि 'कोंकणी' हे नाव दक्षिणेकडील भाषेसाठी राखून ठेवले. तिच्याखाली कुडाळी आणि चित्पावनी यांसारख्या बोलीही घातल्या. या कोंकणीला त्यांनी मराठीची बोली म्हटले. परंतु समान प्राकृत मुळापासून ती तुलनेने फार लवकर अलग झाल्याचेही नमूद केले. पुढील वादात दोन्ही पक्षांनी या विधानाचा आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. मराठीच्या पक्षाने 'बोली' हा शब्द घेतला आणि कोंकणीच्या पक्षाने 'लवकर अलग झाली' हे शब्द घेतले. वस्तुतः कोनो यांच्या मांडणीतील बिकट भाग तिसराच होता. एकच नाव प्रदेशवाचक आणि भाषावाचक अशा दोन भूमिका पार पाडत होते, आणि त्या दोहोंच्या सीमा जुळत नव्हत्या.

४

विसाव्या शतकात वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब (१८७७–१९४६), यांनी नावाच्या प्रश्नाला अस्मितेचे अधिष्ठान दिले. 'कोंकणी भाशेचें जैत' हे त्यांचे पुस्तक १९३० चे. कोंकणीला मराठीची बोली म्हणणे हे वर्णन नसून तिला दुय्यम ठरवणे आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. कारवार येथे १९३९ मध्ये कोंकणी परिषद भरली. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये 'फॉर्मेशन ऑफ कोंकणी' या ग्रंथात ऐतिहासिक भाषाविज्ञानाच्या पद्धतीने कोंकणीचे स्वातंत्र्य मांडले. दुसऱ्या बाजूस अ. का. प्रियोळकर यांच्यासारखे व्यासंगी संशोधक उभे होते. त्याच कारवारात १९५१ मध्ये भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद प्रियोळकरांकडे होते. गोमंतकातील मुद्रणाचा, मिशनऱ्यांच्या मराठीचा आणि धर्मसमीक्षणसंस्थेचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांची भूमिका केवळ अभिनिवेशाची म्हणून बाजूला सारता येत नाही. गोमंतकाच्या ग्रांथिक व्यवहाराची भाषा दीर्घकाळ मराठी होती, ही त्यांनी पुढे केलेली वस्तुस्थिती निर्विवाद आहे.

येथे वादाची तार्किक रचना नीट पाहावयास हवी. एक पक्ष बोलल्या जाणाऱ्या भाषेकडे बोट दाखवून तिचे व्याकरण वेगळे असल्याचे सांगत होता. दुसरा पक्ष लिहिल्या जाणाऱ्या भाषेकडे बोट दाखवून ती मराठी असल्याचे सांगत होता. दोघांचीही विधाने आपापल्या क्षेत्रात खरी होती. स्टीफन्सच्या काळात ज्यांची प्रयोजने वाटून घेतलेली होती, त्याच दोन भाषाव्यवहारांची ही चर्चा होती. आधुनिक राष्ट्रराज्याच्या चौकटीत मात्र 'एका प्रदेशाची एक भाषा' हे समीकरण आले, आणि प्रयोजनांच्या वाटणीला जागा उरली नाही. आता नाव एकच द्यावयाचे होते, आणि ज्याचे नाव त्याची भूमी असा त्याचा अर्थ होणार होता.

गोवे १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाल्यावर हा अर्थ थेट राजकीय झाला. कोंकणी ही मराठीची बोली असेल, तर भाषावार प्रांतरचनेच्या न्यायाने गोव्याने महाराष्ट्रात विलीन होणे क्रमप्राप्त होते. ती स्वतंत्र भाषा असेल, तर गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व समर्थनीय होते. जनमत कौल १६ जानेवारी १९६७ रोजी झाला. त्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. हा कौल भाषेच्या नावावर नव्हता, परंतु प्रचारात दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून गेले होते. मराठीच्या बाजूस महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष होता, आणि त्याचा आधार मुख्यतः हिंदू बहुजन समाज होता. या समाजाला मराठी ही कीर्तनाची, नाटकाची, देवळाची आणि मुक्तीनंतर गावोगाव निघालेल्या प्राथमिक शाळांची भाषा म्हणून जवळची होती. घरी कोंकणी बोलणारा मनुष्य आपली भाषा मराठी आहे असे सांगत होता. यात खोटेपणा पाहणे अन्यायाचे होईल. ज्या भाषेने त्याला अक्षर दिले आणि प्रतिष्ठेचा मार्ग दाखवला, तिचे नाव तो सांगत होता.

५

साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८६ मधील आंदोलनात काहींचे प्राण गेले. विधानसभेने ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत केला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवे घटक राज्य झाले. या कायद्याने कोंकणीला राजभाषा ठरवले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. परंतु नामेतिहासाच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य व्याख्येच्या कलमात आहे. त्यानुसार 'कोंकणी भाषा' म्हणजे देवनागरी लिपीतील कोंकणी भाषा.

शतकभर चाललेल्या वादात नाव हे भाषेची सीमा ठरवत होते. आता नावाच्या आत लिपीची सीमा आखली गेली. रोमन लिपीतून लिहिणाऱ्या ख्रिस्ती गोमंतकीयांची नियतकालिके, कादंबऱ्या, प्रार्थनापुस्तके, आणि मुंबईत १८९२ मध्ये सुरू झालेली तियात्राची परंपरा, हे सारे व्यवहारात कोंकणीच असले तरी कायद्याच्या नावात बसेना. कर्नाटकात कन्नड लिपीतून आणि केरळात मल्याळम लिपीतून लिहिली जाणारी कोंकणी तर त्या व्याख्येपासून आणखीच दूर राहिली. 'रोमी कोंकणी' हा स्वतंत्र नामोल्लेख यानंतर मागणीचे रूप घेऊन पुढे आला. ज्या समाजाने जनमत कौलात आणि राजभाषा आंदोलनात कोंकणीच्या बाजूने आपले वजन टाकले, त्यालाच विजयानंतर आपल्या कोंकणीपुढे विशेषण लावावे लागले. विशेषण ज्याला लागते तो परिघावर असतो. केंद्राला विशेषणाची गरज नसते. कोंकणीची दोन ज्ञानपीठे, २००६ चे रवींद्र केळेकरांचे आणि २०२१ चे दामोदर मावजो यांचे, देवनागरीत लिहिणाऱ्यांना लाभली. या लेखकांच्या थोरवीला त्याने बाध येत नाही. मात्र मान्यतेची वाट कोणत्या लिपीतून जाते, ते त्यावरून कळते.

देवनागरीतील प्रमाण कोंकणीचा पाया अंत्रुज महालातील, विशेषतः उच्चवर्णीयांच्या, बोलीत आहे, हा आक्षेपही वारंवार घेतला गेला आहे. विष्णू सूर्या वाघ यांच्या 'सुदिरसूक्त' या कोंकणी कवितासंग्रहावर २०१७ मध्ये जे वादळ उठले, त्यात भाषेतील जातीय वर्चस्वाचाच प्रश्न होता. सतराव्या शतकात 'ब्राह्मण' हे विशेषण उघडपणे मुखपृष्ठावर छापले जात होते. विसाव्या शतकात ते छापले जात नाही. प्रमाणीकरणाच्या प्रक्रियेत ते न उच्चारता कार्यरत राहते, असे या आक्षेपाचे सार सांगता येईल.

संविधानाच्या आठव्या अनुसूचीत कोंकणीचा समावेश १९९२ मधील एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने झाला. त्याच दुरुस्तीने मणिपुरी आणि नेपाळी या भाषाही अनुसूचीत आल्या. या दोन्ही नावांभोवतीही वाद होते. 'नेपाळी' हे नाव दार्जिलिंगच्या गोरखा समाजाला परदेशी ठरवते, म्हणून सुभाष घिसिंग यांच्या गोरखा राष्ट्रीय मुक्ती आघाडीने 'गोरखाली' या नावाचा आग्रह धरला होता. मणिपुरी बोलणारे मैतै लोक आपल्या भाषेला 'मैतैलोन' म्हणतात. मणिपुरात मात्र इतरही अनेक भाषा बोलणारे समाज राहतात. एकाच दुरुस्तीत तीन भाषा आल्या, आणि तिन्ही ठिकाणी प्रदेश, समाज आणि भाषा यांच्या सीमा एका नावात बसत नाहीत, हा अनुभव आला. कोंकणीची कहाणी अपवादात्मक नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. अनुसूचीला एका ओळीत एक शब्द हवा असतो, आणि समाजांचे भाषाव्यवहार तसे एकपदरी नसतात.

६

या इतिहासातून वाङ्मयसमीक्षेपुढे उभा राहणारा प्रश्न अखेर हा आहे की 'ख्रिस्तपुराण' कोणाचे? मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. १९०७ मध्ये मंगळुरात सालढाणा यांनी आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी त्याची संपादने केली. कोंकणी वाङ्मयाच्या इतिहासांतही त्याचा निर्देश होत आला आहे, तो त्यातील मिश्रणाच्या आधारे. ब्रागा येथील ग्रंथालयात सापडलेल्या रोमन लिपीतील हस्तलिखितांत कोंकणीतील रामायण-महाभारताच्या गद्यकथा आहेत आणि मराठी काव्यही आहे. एकाच संग्रहातील पाने दोन इतिहासांनी वाटून घ्यावीत, आणि त्यांचे शेजारीपण मात्र कोणत्याच इतिहासात नोंदवले जाऊ नये, असे येथे घडते. बा. भ. बोरकरांसारखा कवीही असाच दोन नावांखाली विभागला जातो. मराठी समीक्षा त्यांच्या मराठी कवितेचा विचार करते, 'सासाय'ला १९८१ चा अकादमी पुरस्कार मिळतो तो कोंकणीत. एका कवीच्या दोन भाषांतील संवादाचा अभ्यास या वाटणीत मागे राहतो.

यावरून नावे टाकून द्यावीत, असा निष्कर्ष निघत नाही. कोंकणीला मिळालेले नाव दीर्घ अवहेलनेनंतर मिळालेले आहे, आणि ते तिच्या भाषकांनी स्वतः निवडलेले आहे. त्यावर आज मराठीच्या बाजूने हरकत घेण्यास काही नैतिक आधार उरलेला नाही. 'बोली' हा शब्द मराठी अभ्यासकांनी दीर्घकाळ निष्पाप वर्गीकरण म्हणून वापरला; त्यातील अधिकाराची भाषा त्यांना ऐकू आली नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र मागील काळाला आजचे नाव लावताना इतिहासकाराने दोन नावांची नोंद ठेवावयास हवी. एक, जे त्या ग्रंथाने स्वतः धारण केले होते. आणि दुसरे, जे नंतर कोणीतरी, काही हेतूने, त्याला दिले. कुन्य रिव्हार यांनी शीर्षक बदलले त्या क्षणी एक भाषा उजेडात आली, हे खरे. पण त्याच क्षणी 'कानारीं', 'ब्राह्मण' आणि 'मराठी' या तीन नावांमधील जुनी ये-जा अदृश्य झाली, हेही तितकेच खरे आहे. गोमंतकाचा वाङ्मयेतिहास मराठीत लिहिला जावो वा कोंकणीत, देवनागरीत वा रोमीत, ती ये-जा त्यात पुन्हा दिसू लागल्याशिवाय त्याला पूर्ण म्हणता येणार नाही.